दोन मिनिटांचं नाटक



"नाटकाला येणार का?" असं घरातल्या कॉलेजवाल्यांना विचारलं की पहिला प्रश्न येतो, "किती तासांचं?" मी पूर्वी चिडायचे. आता म्हणते, "दोन मिनिटांचं." मग मान मोबाइलमधून वर येते.

खरंच, दोन मिनिटांची नाटकं असतात. आपल्याला ती नवीही नाहीत. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी, १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच माणूस बोलतो, समोरचे दिसत नाहीत, आणि पान-दीड पानात अख्खं घर उभं राहतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या किंवा मंडळाच्या स्पर्धेत एखादी पाठ करून म्हटली असेल. पण आज मला सांगायचंय ते आजच्या काळातल्या नाटककारांबद्दल.

अमेरिकेच्या सूझन-लोरी पार्क्स यांना २००२ साली नाटकासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ठरवलं, वर्षभर रोज एक नाटक लिहायचं. आणि लिहिलं! काही नाटकं जेमतेम पानभर, काही त्याहूनही लहान. पुढे २००६-०७ मध्ये अमेरिकेतल्या शेकडो नाट्यगटांनी ती वाटून घेऊन वर्षभर सादर केली.

दुसऱ्या इंग्लंडच्या कॅरिल चर्चिल. 'लव्ह अँड इन्फर्मेशन' हे त्यांचं नाटक २०१२ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं. त्यात पन्नासहून अधिक छोटे प्रवेश आहेत. प्रत्येकात माणसं वेगळी, गोष्ट वेगळी. काही प्रवेश मिनिटभरात संपतात. गंमत म्हणजे संहितेत पात्रांची नावंच नाहीत. कोणतं वाक्य कोणी म्हणायचं, ती माणसं कोण, कुठे उभी आहेत, हे लेखिकेनं लिहिलेलं नाही. ते नाटक करणाऱ्यांनी ठरवायचं.

ही मोकळीक म्हणजे नेमकं काय, ते मला गेल्या वर्षी भाऊबीजेला कळलं.

मी माहेरी, बडोद्याला गेले होते. फराळ झाला होता, बाबा आतल्या खोलीत रेडिओ लावून पडले होते. भाचा आणि भाची कंटाळले होते. भाचा मराठी फर्डं बोलतो, पण वाचताना अजून ओळीवर बोट लागतं. म्हटलं, चला, वाचू या काहीतरी. त्या नाटकाचा पहिलाच प्रवेश मी घरापुरता मराठीत करून ठेवला होता. त्यात एकाकडे काहीतरी गुपित आहे, आणि ते सांग म्हणून दुसरा हटून बसलाय. पहिला नाही नाही म्हणतो आणि शेवटी कानात सांगतो. आपल्याला ते ऐकू येत नाही. फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि पुढे प्रश्न उरतो, आता काय करायचं? संपला प्रवेश.

पहिल्यांदा दोघांनी तो हसत वाचला. भाच्यानं ठरवलं होतं की गुपित म्हणजे कुणाचं तरी प्रेमप्रकरण. वहिनीही हसली. मग भाची म्हणाली, "आता मी ठरवणार. हे दोघं बहीणभाऊ आहेत आणि दवाखान्याच्या जिन्यात उभे आहेत."

वाक्यं तीच होती, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पण या वेळी कुणी हसलं नाही. भाचीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यानं शेवटचं वाक्य तिच्याकडे बघून म्हटलंच नाही. माझ्याकडे बघून म्हटलं. "आत्या, आता काय?"

बाबांचा रिपोर्ट आठ दिवसांपूर्वी आला होता. तो मला, दादाला आणि वहिनीला ठाऊक होता. दिवाळी होऊन जाऊ दे, मग सांगू, असं आम्ही ठरवलं होतं. मुलांना काही कळत नाही असं धरून चाललो होतो. भाचीनं कपाटातली फाइल कधीच पाहिली होती. सांगायचं कसं, ते तिला सुचत नव्हतं. नाटकानं तिला फक्त जागा दिली.

त्या रात्री दादानं मुलांना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांनाही. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आठ दिवस तुम्ही चकल्यासुद्धा सुखानं खाल्ल्या नाहीत!" आज त्यांचे उपचार चालू आहेत, आणि रेडिओही.

तेव्हापासून छोटं नाटक बघताना मी तीन गोष्टी बघते. पडदा उघडायच्या आधी या माणसांमध्ये काय घडून गेलंय? कुठल्या क्षणाला चित्र पालटलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, जे कुणीच बोललं नाही? मोठ्या नाटकात हे सांगायला लेखकाकडे वेळ असतो. इथे तो नसतो, म्हणून उरलेलं काम आपल्यावर पडतं.

लहान आहे म्हणून सगळंच चांगलं, असं नाही. पुष्कळदा शेवटी धक्का देणारा चुटकाच नाटक म्हणून खपवला जातो. ओळखायची सोपी खूण सांगते. चुटका दुसऱ्यांदा ऐकला की विझतो. चांगलं छोटं नाटक दुसऱ्यांदा वाचलं की वाढतं.

थोडा जास्त वेळ असेल तर चर्चिल यांचंच 'व्हॉट इफ इफ ओन्ली' वाचा. २०२१ सालचं, साधारण वीस मिनिटांचं. आपलं माणूस गमावलेल्या एकाला भेटायला कधीच न घडलेलं भविष्य येतं. ज्यांच्या घरात एक खुर्ची रिकामी आहे, त्यांनी हे एकट्यानं वाचू नये, कुणालातरी शेजारी बसवून वाचावं.

एक सूचना मात्र. घरात चार जणांत वाचणं वेगळं. मंडळाच्या रंगमंचावर प्रयोग करायचा असेल, तर लेखकाची रीतसर परवानगी घेतलेली बरी. आपल्याच मुलांनी लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही.

आणि ती लिहितातही बरं का! भाच्यानं परवा एक पाठवलंय. बारा ओळी, दोन पात्रं, एक रेडिओ. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या, सतरा निघाल्या. मग मोजायचं सोडून पुन्हा वाचलं.

तुमच्या घरातल्या बारा ओळी कोण लिहितंय?