सरकारी गोळीला गुण का नाही?

‘सरकारी गोळीला गुण नसतो’ हे वाक्य कन्नड तालुक्यातील पिशोरच्या बाजारात कोणाच्याही तोंडी ऐकू येते. फुकट मिळालेली गोळी घरी पडून राहते आणि मजुरीचे पैसे मोडून तेच औषध दुकानातून विकत आणले जाते. यावर आपल्या विद्वानांचे निदान ठरलेले आहे: जनता अडाणी आहे, तिचे प्रबोधन करा!

हे निदान चुकीचे तर आहेच, उद्दामही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मराठवाड्यातीलच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरविलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत ते औषधच नसल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्याआधी सप्टेंबरमध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांच्या दोषारोपपत्राने सांगितले की, सरकारी रुग्णालयांना पुरविलेली बनावट प्रतिजैविके म्हणजे हरिद्वारच्या एका पशुऔषधांच्या प्रयोगशाळेत बनविलेले टाल्कम पावडर आणि स्टार्च यांचे मिश्रण होते. मग अडाणी कोण? संशय घेणारा शेतकरी की डोळे मिटून पावती करणारी यंत्रणा?

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले औद्योगिक ग्लिसरीन रुग्णांना दिले गेले आणि १४ जण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत साऱ्या साखळीचे वाभाडे काढले. ३९ वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच विष छिंदवाड्यातील बालकांच्या खोकल्याच्या औषधात सापडले. त्यांपैकी कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. अहवाल कपाटात राहतो आणि विष मात्र बाजारात फिरत राहते!

औषध कोणी बनविले, कोणाच्या हातून आले, कोणी तपासले, हे उघड करा म्हटले की अधिकारी म्हणतात, ‘घबराट पसरेल.’ घबराट माहितीने पसरत नाही. ती कुजबुजीने पसरते. सप्टेंबर २०२४ च्या त्या एका दोषारोपपत्राने प्रामाणिकपणे बनविलेली गोळीही संशयित ठरली, कारण खरी आणि खोटी वेगळी ओळखण्याचे कोणतेच साधन रुग्णाच्या हाती नव्हते. जनऔषधी केंद्रांची नेमकी हीच अडचण आहे. तेथील औषधाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते असे योजना सांगते. पण ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसते ती केवळ कमी किंमत, आणि स्वस्त म्हणजे हलके हा आपल्या बाजाराचा जुना समज आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नाममुद्रांच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु पट्टीतून कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांवर कसला कोड? सरकारी खिडकीशी उभ्या असलेल्या म्हातारीच्या हाती तर तेवढीही ओळख येत नाही.

जगातील कित्येक गरीब देश भारतीय औषधांवर जगतात, याचा अभिमान स्वदेशीच्या प्रत्येक पुरस्कर्त्याला असावा. पण २०२२ मध्ये गांबियातील बालकांच्या मृत्यूंनंतर भारतीय सिरपकडे बोट दाखविले गेले, तेव्हा त्या अभिमानाला तडा गेला. परकीयांच्या कटाची भाषा तेव्हा सोयीची होती. पण छिंदवाड्याची मुले तर आपलीच होती.

उपाय फार खर्चाचा नाही. औषधाच्या खिडकीबाहेर एक फळा हवा: औषधाचे नाव, उत्पादक, पुरवठादार, बॅच क्रमांक, तपासणीची तारीख व निकाल, सारे मराठीत. अहवाल येईपर्यंत साठा वाटू नये. रुग्ण कल्याण समित्या कागदोपत्री आहेतच. पिशोर असो वा कन्नड, तेथील कार्यकर्त्यांनी समितीच्या येत्या बैठकीत या फळ्याचा ठराव मांडावा आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागून घ्यावा.