डबे हलवले कुणी?

मैत्रिणींनो, रात्री मोबाइल चार्जिंगला लावला आणि सकाळी ब्राउझरचं रूपच पालटलं, असं तुमचंही होतं ना? वरचा मेनू खाली गेलेला, ओळखीचं बटन सापडत नाही. आमच्या वर्ध्यातल्या बचत गटाच्या बायका म्हणतात, 'ताई, मोबाइल बिघडला जी!' बिघडलेलं काहीच नसतं, कंपनीने न विचारता मांडणी बदललेली असते. पण खुणा लक्षात ठेवून मोबाइल वापरणारी बाई स्वतःलाच अडाणी समजते आणि साध्या कामासाठी पुन्हा मुलाच्या तोंडाकडे पाहू लागते.

२०२१ साली ॲपलने आयफोनच्या सफारी ब्राउझरमधली पत्त्याची पट्टी वरून खाली आणली. चाचणीच्या काळातच लोकांनी तक्रारी केल्या. सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती सर्वांसाठी आली, तेव्हा पट्टी वर ठेवायची सोयही तिच्यात होती.

त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं. जुनं ॲप हाताला बसलेलं. नव्यात माहिती इंग्रजीत भरायची, तीही कमी क्षमतेच्या सरकारी मोबाइलवर. ऑगस्टमध्ये सेविकांनी ते मोबाइलच सरकारला परत केले. आज त्या ॲपमध्ये मराठीही आहे.

तेव्हा दोष स्वतःकडे घेऊ नका. आधी सेटिंगमध्ये जुनी मांडणी मिळते का पाहा. नाहीच मिळाली तर तक्रार लिहा, मराठीतच लिहा. आपल्या स्वयंपाकघरातले डबे कुणी न विचारता हलवले, तर आपण गप्प बसतो का? मग इथेच का बसायचं?