हायब्रिड गाडी घेण्याआधी आपला रस्ता पाहा

आज आपल्या मराठी घरांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. जुनी गाडी थकली, आता दुसरी घ्यायची आहे. ती साधी पेट्रोलची घ्यावी की हायब्रिड घ्यावी? शेजाऱ्याने हायब्रिड घेतली, कचेरीतल्या मित्राने घेतली, मग आपणच मागे का राहावे, असा विचार सुरू होतो. त्यातच घरातला एखादा मुलगा किंवा भाचा आखाती देशात नोकरीला असतो. तो फोनवरून सांगतो, "काका, इथे सगळे हायब्रिड घेतात, तुम्हीही तीच घ्या." मुलगा शिकलेला, चार देश पाहिलेला, त्याचा शब्द घरात मोडत नाही. आणि मग अनेक वर्षांची बचत, वर बँकेचे कर्ज, अशी मोठी रक्कम एका फोनवर ठरून जाते.

सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. पण तो सल्ला त्याच्या रस्त्यावरचा असतो, आपल्या रस्त्यावरचा नसतो. म्हणून तो जिथून येतो तिथे ही गाडी कशी चालते, हे आधी पाहू. तेथून आपल्या बेटावर परत येऊ.

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन शक्तींवर चालणारी गाडी. टोयोटा कंपनीने डिसेंबर 1997 मध्ये जपानात प्रियस ही गाडी विक्रीस आणली आणि तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. तिचे मर्म समजण्यास सोपे आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हायब्रिडमध्ये त्याच वेळी मोटर उलटे काम करून वीज तयार करते व ती बॅटरीत साठवते. पुन्हा निघताना हीच वीज कामी येते. गाडी थांबली की इंजिनही बंद पडते. म्हणजे ही गाडी जितकी थांबते, निघते, पुन्हा थांबते, तितका तिचा फायदा अधिक. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे उलगडते.

आता अबूधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीकडे वळू. ही वस्ती अबूधाबी बेटावर नाही. ती मुख्य भूमीवर, मुसफ्फा औद्योगिक भागाला लागून आहे. एकीकडे मोठमोठे बंगले, तर दुसरीकडे शाबिया नावाने ओळखला जाणारा इमारतींचा भाग आहे. ह्या इमारतींत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. घराचे भाडे बेटावरच्यापेक्षा परवडते, पण शहरात कामाला जायचे तर सुमारे 30 किलोमीटर जावे लागते. वाटेत पूल आहेत आणि 2021 च्या जानेवारीपासून गर्दीच्या वेळी त्या पुलांवर 4 दिरहम टोल लागतो. पेट्रोलही पूर्वीसारखे राहिलेले नाही. संयुक्त अरब अमिरातीत ऑगस्ट 2015 पासून इंधनाचा दर जगाच्या बाजाराप्रमाणे दर महिन्याला ठरतो. तेलाच्या देशात पेट्रोलचा हिशेब कोण करतो, असे म्हणण्याचे दिवस तेथेही संपले.

अशा वस्तीत राहणारा नोकरदार हायब्रिड घेतो तेव्हा त्याने चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट रस्त्याची. तेथील मोठे रस्ते सरळ व रुंद आहेत. काहींवर ताशी 140 किलोमीटर वेगाची परवानगी आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. अशा वेगात इंजिन अखंड चालते, ब्रेक क्वचित लागतो, आणि ब्रेकमधून मिळणारी वीज जवळजवळ नाहीशी होते. रोज शहरातल्या सिग्नलांवर रखडणाऱ्याला जो लाभ होतो, तो दुबईच्या महामार्गावर धावणाऱ्याला होत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. उन्हाळ्यात तेथे पारा 45 अंशांच्या वर जातो. अति उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत घेतली जाते. ती जाळी वाळूने भरली किंवा कोणी तिच्यावर पिशवी ठेवली, तर बॅटरी तापते. जाळी साफ ठेवायला फारसा खर्च नाही, पण बॅटरी बदलायला फार आहे. म्हणून तेथील जाणकार आखाती हवामानासाठी बनवलेलीच गाडी पाहतात. परदेशातल्या लिलावातून आलेली, अपघातात सापडलेली किंवा पाण्यात बुडालेली गाडी रंग देऊन स्वस्तात विकली जाते, तिच्यापासून ते दूर राहतात.

तिसरी गोष्ट घराची. हायब्रिडचे प्रकार आहेत. एकात मोटर फक्त थोडा हातभार लावते. दुसरी पूर्ण हायब्रिड, जी स्वतःच आपली बॅटरी भरते आणि जिला वीज जोडावी लागत नाही. तिसरी प्लग-इन, जिची मोठी बॅटरी घरच्या विजेवर भरायची असते. बंगल्यात राहणारा प्लग-इन घेऊ शकतो. शाबियाच्या पाचव्या मजल्यावर राहणारा आणि खाली मिळेल त्या जागी गाडी लावणारा माणूस प्लग-इन घेऊन काय करणार? न भरलेली मोठी बॅटरी म्हणजे रोज वाहून न्यायचे ओझे.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती गाडीची नसून माणसाची आहे. तेथे बहुतेक परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. आज नोकरी आहे, उद्या नसेल. तेथील मध्यवर्ती बँकेने 2011 साली नियम केला की गाडीच्या किमतीच्या 80 टक्क्यांहून अधिक कर्ज देऊ नये, ते 60 महिन्यांत फिटावे, आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक नसावेत. नियम शहाणपणाचा आहे. पण पाच वर्षांचे कर्ज आणि त्याहून कमी मुदतीचा परवाना ह्यांचा मेळ कोणी घालायचा? गाडी मायदेशी नेता येईल म्हणावे, तर तेथील गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते, भारतात आणि आपल्या बेटावर ते उजवीकडे असते. म्हणजे गाडी तेथेच विकावी लागणार. म्हणून तेथील शहाणा माणूस गाडी घेताना आधी विचारतो: दोन वर्षांनी घाईत विकायची वेळ आली, तर हिला गिऱ्हाईक मिळेल का?

आता वाचकांनी आपल्या बेटाकडे पाहावे. आपला रस्ता त्या वाळवंटापेक्षा किती वेगळा आहे! मोटरवेवरही आपली मर्यादा 110 किलोमीटर. सकाळी पोर्ट लुईकडे जाणाऱ्या रांगेत तर 30 चा वेगही मिळत नाही. अशा रांगेत हायब्रिड खरी शोभते. क्युरपिप समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. तेथून सकाळी उतरताना ब्रेकमधून बॅटरी भरते. संध्याकाळी चढताना मात्र इंजिनाला कष्ट पडतात. फीनिक्स, व्हाकोआ, कात्र बोर्न, रोझ हिल येथून रोज राजधानीला जाणाऱ्यास हायब्रिडचा फायदा होतो, ह्यात शंका नाही. कास्काव्हेलहून मोकळ्या रस्त्याने जवळच्या कामावर जाणाऱ्यास तितका होणार नाही. आणि आता मेट्रोही आहे. 2022 साली ती क्युरपिपपर्यंत पोहोचली. जो रोज मेट्रोने कामाला जातो आणि ज्याची गाडी फक्त रविवारी देवळात, नातेवाइकांकडे व बाजारात जाते, त्याने हायब्रिडसाठी जादा पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करावा.

हिशेब कसा करायचा, तेही सांगतो. तीन घरे कल्पू. पहिल्या घरची गाडी वर्षाला 20,000 किलोमीटर, तीही गर्दीत चालते. समजा, साधी गाडी 100 किलोमीटरला 8 लिटर पिते आणि हायब्रिड 5. वर्षाला 600 लिटर वाचले. दुसऱ्या घरची गाडीही 20,000 किलोमीटर चालते, पण मोकळ्या रस्त्यावर. तेथे साधी 6.5 आणि हायब्रिड 5.5 लिटर घेते असे धरले, तर 200 लिटर वाचले. तिसऱ्या घरची गाडी गर्दीतच चालते, पण वर्षाला 6,000 किलोमीटरच; तिने 180 लिटर वाचवले. आता हायब्रिडसाठी मोजलेली जादा रक्कम 2,400 लिटर पेट्रोलाच्या किमतीइतकी आहे असे मानू. पहिल्या घराचे पैसे 4 वर्षांत सुटतील, दुसऱ्याचे 12 वर्षांत, आणि तिसऱ्याचे 13 वर्षांनंतर. गाडी एकच, पण एका घरी ती बचत आहे आणि दुसऱ्या घरी हौस. हौस असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण हौसेला बचत म्हणू नये. ह्या हिशेबात आपले आकडे घाला. दोन्ही गाड्यांच्या विम्याचा फरक व कर्जाचे व्याज विसरू नका. करांचे नियम अंदाजपत्रकात बदलतात, तेव्हा आजचा कर आजच विचारून घ्या. गेल्या वर्षीच्या भावावर ठरवू नका.

आपल्याकडे अनेक कुटुंबे जपानहून आलेली वापरलेली गाडी घेतात. त्यात वावगे काहीच नाही. पण हायब्रिडच्या बाबतीत चार प्रश्न अधिक विचारावेत. लिलावाच्या वेळचा तपासणीचा कागद आहे का? बॅटरीची तपासणी यंत्र लावून करून दाखवाल का? बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, आणि ती लेखी देता का? जपानात दिलेली मूळ हमी येथे लागू होईलच असे धरून चालू नये. चौथा प्रश्न आपल्या गावातला: बिघाड झाल्यास ही गाडी दुरुस्त कोण करील? हायब्रिडमधल्या नारिंगी वायरींतून प्राण घेऊ शकेल इतक्या दाबाची वीज वाहते. ते काम शिकलेल्या माणसाचेच आहे. तेथे अंदाजाने हात घालणे जिवावर बेतू शकते. आणखी एक बारीक गोष्ट. गाडी सुरू करण्यासाठी एक लहान 12 व्होल्टची बॅटरीही असते. महिनाभर भारतात जाऊन आलात आणि गाडी तशीच उभी राहिली, तर तीच बॅटरी उतरून गाडी सुरू होत नाही. तेवढ्याने मोठी बॅटरी गेली असे समजून कोणी घाबरवले तर घाबरू नये.

ह्यात आपल्या तरुणांसाठीही एक वाट दिसते. बेटावरच्या हायब्रिड व विजेच्या गाड्यांना जाणकार हात लागणारच. मेकॅनिकचे काम कमी दर्जाचे, ही समजूत टाकून जो मुलगा किंवा मुलगी ही विद्या रीतसर शिकेल, त्याला काम शोधत आखातात जावे लागणार नाही.

नव्या यंत्राला भिणे आपल्या लोकांना परके नाही. सांगली जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. पुढे तोच नांगर घरोघरी गेला. त्याच किर्लोस्कर नावाशी जोडलेल्या टोयोटा किर्लोस्कर कंपनीने जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार केला. तेथे हायब्रिड व विजेच्या गाड्या बनवण्याचे ठरले आहे. म्हणजे हा प्रकार चार दिवसांचा नाही, तो राहणार आहे. त्याला भ्यायचे कारण नाही, तसेच त्याच्या मागे डोळे मिटून धावायचेही कारण नाही.

आपल्या वाडवडिलांनी बैल घेताना त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि घरी येऊन आपली जमीनही पाहिली. शेजाऱ्याच्या बैलाकडे पाहून त्यांनी दावे सोडवले नाही. तीच रीत आज गाडीला लावावी. रविवारी सारे घर एकत्र बसा. गाडी कोण चालवते, कुठे जाते, वर्षाला किती चालते, रात्री कुठे उभी राहते, हे कागदावर लिहा. जी बाई रोज मुलांना शाळेत सोडते व बाजार करते, तिचे मत आधी विचारा. गर्दीतल्या रस्त्याची खरी माहिती बहुधा तिलाच असते. मग आखातातल्या भाच्यालाही अवश्य फोन करा. त्याने कोणती गाडी घेतली, हे विचारण्याऐवजी त्याने कसा हिशेब केला, हे विचारा. गाडी परक्या रस्त्यावरची असली, तरी हिशेबाची पद्धत कुठेही चालते. आणि एवढे करून उत्तर हायब्रिड आले तर ती आनंदाने घरी आणा, नारळ फोडा, आणि मागच्या आसनाजवळची जाळी कोणती, ते पहिल्याच दिवशी घरातल्या सर्वांना दाखवून ठेवा.