घाटातला जॅम गाड्यांच्या गप्पांनी सुटेल का?

लाँग वीकेंडला मुंबईहून पुण्याला यायचं म्हटलं की बोरघाटाची धास्ती असतेच. आडोशी बोगद्याजवळ सहा लेनचा एक्स्प्रेसवे आणि चार लेनचा जुना महामार्ग एकत्र येतात. तिथून खंडाळ्यापर्यंत साधारण १० किलोमीटर, दहा लेनची वाहतूक सहा लेनवर! एका पावसाळ्यात मी तिथे दीड तास अडकलो. वाटलं, पुढे अपघात असणार. पुढे गेलो, तर काहीच नव्हतं.

अपघाताशिवाय जॅम होतो कसा? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. रस्त्यात अडथळा नव्हता, तरी थोड्याच वेळात जॅम झाला. एकाने किंचित ब्रेक मारला की मागचा जरा जास्त मारतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. ही लाट मागे मागे सरकत जाते. मर्जिंगच्या जागी कोणी ना कोणी मध्ये घुसतं आणि दर मिनिटाला नवी लाट सुरू होते.

व्ही-टू-व्ही, म्हणजे गाडी ते गाडी संवाद, नेमका इथेच कामाला येतो. प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती रेडिओवरून आजूबाजूला कळवते. रेंज काहीशे मीटर. इंटरनेट लागत नाही, त्यामुळे घाटात नेटवर्क गेलं तरी चालतं. गूगल मॅप्स जॅम झाल्यावर लाल रेघ दाखवतं. इथे मात्र बाजूच्या रस्त्याने येणारा ट्रक दिसायच्या आधीच तुमच्या गाडीला कळतो. तिने आधीच वेग थोडा कमी केला की जागा तयार होते आणि कचकन ब्रेक मारावा लागत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने ही यंत्रणा भारतात आणायची योजना मांडली. पण खरी मेख गणितात आहे. १० टक्के गाड्यांत यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता फक्त १ टक्का. ५० टक्के गाड्यांत असेल तरी २५ टक्केच. म्हणजे पहिल्या ग्राहकाने पैसे मोजायचे आणि गप्पा मारायला कोणीच नाही! अमेरिकेत २०१६ मध्ये ही यंत्रणा सक्तीची करायचा प्रस्ताव आला. २०२३ मध्ये तो मागे घेतला गेला.

मग सोडून द्यायचं? नाही. ॲरिझोनातल्या प्रयोगात गोल ट्रॅकवर वीसेक गाड्यांमध्ये फक्त एक गाडी संगणकाने संथ, एकसारखी चालवली. लाट विरली. म्हणजे थोड्या पण योग्य गाड्याही पुरतात. म्हणून मला वाटतं, सुरुवात महागड्या एसयूव्हींपासून नको. घाट चढणारे ट्रक आणि एसटी बस यांच्यात आधी यंत्र बसवा, आणि आडोशीला रस्त्याकडेला रिसीव्हर लावा. वेगातला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

रस्ता क्षमतेपेक्षा जास्त भरला, तर कुठलाही मेसेज नवी लेन बनवणार नाही. त्यासाठी मिसिंग लिंकसारखे रस्तेच हवेत. पण अंतर ठेवणं आणि एकाआड एक गाडी आत घेणं यासाठी चिप लागत नाही. पुढच्या वेळी घाटात एवढं करून बघा.