काशीयात्रेत अंगावर काय, कमरेला काय?

काशीला जायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती गाडीच्या आरक्षणाची आणि दुसरी उतरण्याच्या जागेची. अंगावर कोणते कपडे घालायचे आणि पैसे, औषधे, दागिने नेमके कुठे ठेवायचे, हा विषय निघतो तो आदल्या रात्री बॅगा भरताना. घाटावर होणारी धांदल मात्र बहुतेक याच गोष्टींवरून होते.

संकठा घाटाचेच उदाहरण घ्या. मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघाले की बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट लागतो. त्याला लागून संकठा घाट आणि थोडे पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. म्हणजे मराठी माणसाला हा परिसर परका नाही. घाटाच्या वर, अरुंद गल्लीत संकठा देवीचे मंदिर आहे. गल्लीत समोरून गाय किंवा दुचाकी आली तर भिंतीला टेकून उभे राहावे लागते. खाली उतरायला उभ्या दगडी पायऱ्या, पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ. अशा ठिकाणी एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पिशवी आणि खांद्यावरून घसरणारा पदर असेल, तर आधाराला हात उरणारच कुठून? दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, हे पहिले सूत्र.

जुन्या लोकांची युक्ती

आपल्या आजी-आजोबांना हे सूत्र चांगले ठाऊक होते. आजोबांच्या कमरेला कसा असे, बंडीला आतून चोरखिसा असे. आजीचे पैसे कनवटीला आणि सुपारी-लवंग बटव्यात. पर्स हा प्रकार नव्हता, त्यामुळे ती विसरण्याचा किंवा कोणी हिसकावून नेण्याचा प्रश्नही नव्हता. तरी प्रवास धोक्याचाच होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला, गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला. आज तसे दरोडे नाहीत, पण गर्दीतले खिसेकापू आहेत आणि निसरड्या पायऱ्याही आहेत.

चोरखिसा घरीच शिवा

स्त्रियांसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे परकराला आतून शिवलेला खिसा. मांजरपाटाचा किंवा जाड सुती कापडाचा, साधारण वीतभर लांब आणि चार बोटे रुंद तुकडा घ्यावा. तो नेफ्याच्या खाली, पुढच्या बाजूला, थोडा डावीकडे दुहेरी शिलाईने लावावा. तोंडाला चेन असेल तर उत्तम, नाहीतर दोन टिचबटणे पुरतात. नुसता हुक लावू नये, तो वाकतो आणि साडीच्या निऱ्यांत अडकतो. सलवार घालणाऱ्यांनी हाच खिसा नाडीच्या खाली लावावा.

पुरुषांनी पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवू नये. शर्टाच्या आत घालायची बंडी शिवून घ्यावी आणि तिला छातीच्या खालच्या बाजूला दोन खिसे लावावेत. बाजारात मिळणारा कमरेचा पट्टाही चालतो, पण तो शर्टाच्या आत बांधायचा. बाहेर मिरवलेला पट्टा म्हणजे ऐवज कुठे आहे याची पाटीच!

पैशांचे तीन भाग करावेत. दिवसभराचे सुटे पैसे वरच्या खिशात, दिवसाचा मोठा खर्च चोरखिशात आणि परतीचा पैसा मुक्कामी कुलपात. चोरखिसा गर्दीत कधीही उघडू नये. एकदा चारचौघांसमोर नोटा काढल्या की तो चोरखिसा राहत नाही. दक्षिणा किती, हे पूजेला बसण्यापूर्वीच ठरवून ती रक्कम वेगळी काढावी, म्हणजे भर पूजेत पाकीट चाचपावे लागत नाही.

कपडा कोणता?

उन्हाळ्यात काशीचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याने समोरचा काठ दिसत नाही. उन्हाळ्यात सैल सुती कपडे, थंडीत एका जाड कोटाऐवजी अंगावर दोन-तीन पातळ थर. स्नानाच्या वेळी तेवढेच उतरवायला आणि चढवायला सोपे.

स्नानाला सहावारी साडी नेसून खोल पाण्यात उतरू नये. भिजलेली साडी जड होते आणि पायांत गुंडाळते. काठाशीच, साखळी किंवा सोबत्याचा हात धरून, सलवार-कुडता किंवा आखूड सुती गाऊन घालून स्नान करणे सुरक्षित. ज्यांना सवय आहे त्यांना काष्ट्याचे नऊवारी सोयीचे पडते. दिवे सोडताना नायलॉनचा पदर खोचून घ्यावा. ते कापड पेटले तर वितळून कातडीला चिकटते. पायांत झिजलेल्या सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या रबरी चपला असाव्यात.

पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळत वर येते. काशीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. पाणी त्या पातळीच्या बरेच खाली असतानाच नावा बंद होतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर काठाने जाता येत नाही. तेव्हा कितीही श्रद्धा असली तरी तांब्याने स्नान करावे.

एकाने कोरडे राहावे

सगळ्यांत जास्त चुकते ते इथे. पतीपत्नी दोघेही एकदमच पाण्यात उतरतात आणि कपड्यांचे गाठोडे पायरीवर राहते, किंवा शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला “जरा लक्ष ठेवा हं” म्हणून सांगितले जाते. वर आल्यावर गाठोडे जागेवर असेलच याची खात्री नाही. म्हणून नियम करावा: एक पाण्यात, एक कोरडा. कोरड्या माणसाकडे ऐवज, औषधे आणि टॉवेल. मग अदलाबदल. एकटे असाल तर ऐवज मुक्कामी ठेवूनच घाटावर या.

हृदयविकार असलेल्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी आणि मधुमेहींनी साखरेची पुडी अंगावरच ठेवावी, मुक्कामावरच्या बॅगेत नव्हे. वृद्धांच्या खिशात नाव, मुक्कामाचा पत्ता आणि मुलाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, तीही हिंदीत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत. विश्वनाथ मंदिरात जाताना कडक तपासणी होते आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. आत चुकामूक झाली तर मोबाइल उपयोगाचा नाही. कुठे भेटायचे ते आधीच ठरवा. अडचणीत ११२ हा क्रमांक लक्षात असू द्या.

परवान्याचे पिस्तूल न्यावे का?

व्यापारी, सराफ किंवा निवृत्त फौजी कुटुंबांत परवान्याचे शस्त्र असते. “परक्या मुलखात बरोबर असलेले बरे,” असे घरातल्या कर्त्याला वाटते. इथे कायदा नीट समजून घ्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना ज्या क्षेत्रापुरता असेल तेवढ्यातच शस्त्र बाळगता येते. महाराष्ट्रापुरता परवाना उत्तर प्रदेशात चालत नाही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल योग्य म्यानात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. विमानात ते केबिनमध्ये नेता येत नाही. आधी सांगून, रिकामे करून सामानात द्यावे लागते.

ज्यांना कामामुळे रोज शस्त्र बाळगावेच लागते, त्यांनी नुसते पँटमध्ये खोचण्याची सवय सोडावी. म्यान ताठ असावे आणि त्याने चाप पूर्ण झाकला जावा. पट्टा जाड असावा, म्हणजे वजनाने लोंबणार नाही. वर सैल, खाली थोडा लांब शर्ट किंवा जाकीट घालावे. घरी आल्यावर काडतुसे वेगळी आणि शस्त्र कुलपात, मुलांना किल्लीची जागा कळू न देता.

पण यात्रेत हे सारे निरुपयोगी ठरते. कारण मघाचाच प्रश्न पुन्हा येतो: स्नानाच्या वेळी पिस्तूल कोणाकडे? पाण्यात नेता येत नाही, मंदिरात नेता येत नाही. गाठोड्यात ठेवणे म्हणजे चोराच्या हाती देणे. पत्नीकडे किंवा मुलाकडे द्यावे, तर त्यांच्या नावावर परवाना नसल्याने तो गुन्हा होतो. ते गहाळ झाले तर पोलीस चौकशी, परवाना धोक्यात आणि त्या शस्त्राने पुढे काही घडले तर जन्माची रुखरुख. त्यापेक्षा निघण्यापूर्वी गावातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते जमा करून पावती घ्यावी. घर बंद असताना कपाटात ठेवण्यापेक्षा तेही बरे.

तिखटाचा फवारा किंवा फळे कापायची सुरीसुद्धा मंदिराच्या तपासणीत अडते. घाटावर खरे संरक्षण सोबतीचे असते. पहाटे एकटीदुकटीने गल्लीत शिरू नये, उजाडल्यावर चारचौघांबरोबर निघावे.

निघण्यापूर्वी एकदा घरीच रंगीत तालीम करावी. यात्रेचे कपडे घालून, चोरखिसे भरून, दोन्ही हात मोकळे ठेवून जिना चढा-उतरा. खाली वाका, मांडी घालून बसा. काही टोचत असेल, घसरत असेल, दिसत असेल, तर ते घरी दुरुस्त करता येते. संकठा घाटाच्या पायरीवर सुई-दोरा शोधत बसण्याची वेळ येत नाही.