गॉगलमधल्या जगात गाडी लागते तेव्हा

मंगरूळपीरहून अकोल्याच्या एसटीत बसणाऱ्या दर दोन-चार कुटुंबांत एक तरी माणूस असा असतो, ज्याला गाडी लागते. त्याची तयारी ठरलेली असते. खिडकीची जागा, रुमालात गुंडाळलेले लिंबू, आवळासुपारीची पुडी. त्रास पोटात जाणवत असला तरी त्याचे मूळ पोटात नसते. कानाच्या अगदी आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर मिळते. त्यांच्या शेजारच्या दोन छोट्या पिशव्या वेगातले बदल आणि धक्के ओळखतात. डोळेही आपल्या परीने तीच खबर देत असतात. एसटीत मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या मुलाचे डोळे म्हणतात, सगळे स्थिर आहे. कान म्हणतो, गाडी हेलकावे खाते आहे. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही. धोतऱ्यासारख्या विषानेही माणसाला जग फिरल्यासारखे होते. त्यामुळे मेंदू या गोंधळाला विषबाधा समजून ओकारीचा हुकूम देत असावा, असा एक तर्क शास्त्रज्ञ मांडतात.

डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, गॉगल चढवला की हेच उलट्या बाजूने घडते. माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि डोळ्यांना मात्र दरीत कोसळणारी रेल्वे दिसते. कान म्हणतो, काही हलले नाही. तोंडाला पाणी सुटणे, घाम, डोके जड होणे, मळमळ ही सारी लक्षणे एसटीतलीच. ज्यांना गाडी लागते किंवा अर्धशिशीचा त्रास आहे, त्यांना गॉगलमध्येही लवकर त्रास होण्याची शक्यता जास्त असते. काहींचा तोल गॉगल काढल्यावरही थोडा वेळ जाग्यावर येत नाही. खेळ संपताच मोटारसायकलला किक मारून घरी निघणाऱ्या तरुणाने एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

हे तंत्रज्ञान नवे नाही, स्वस्त होणे नवे आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रे दाखवली की मेंदू त्यातून खोली उभी करतो, हे इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच दाखवून दिले होते. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचे यंत्र बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. पुढची कित्येक दशके ही गोष्ट प्रयोगशाळा, लष्कर आणि वैमानिकांचे प्रशिक्षण यांच्यापुरती राहिली. १९९५ मध्ये निन्टेंडो कंपनीने घरगुती यंत्र बाजारात आणले आणि ते सपशेल पडले. वारे फिरले ते २०१४ मध्ये. त्या वर्षी फेसबुकने ऑक्युलस ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना विकत घेण्याचा सौदा केला आणि गूगलने चक्क पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइल घालून हाच खेळ दाखवला. आज एका टोकाला ॲपलचे २०२४ मध्ये आलेले ३,४९९ डॉलरचे यंत्र आहे. दुसऱ्या टोकाला २०२३ च्या आयपीएलच्या दिवसांत जिओने आणलेला १,२९९ रुपयांचा गॉगल आहे, आणि त्याच्याही खाली नाव नसलेले कितीतरी व्हीआर बॉक्स.

तालुक्याच्या गावात पोचतात ते हेच खालचे.

महागड्या यंत्राला माणूस मान कुठे वळवतो हे कळते, तसेच तो पुढे वाकला की बाजूला सरकला हेही कळते, आणि चित्र त्याच क्षणी त्याप्रमाणे बदलते. सेकंदाला ७२, ९०, काही यंत्रांत १२० वेळा नवे चित्र येते. मोबाइल घातलेल्या खोक्याला फक्त मान वळलेली समजते. पाहणारा पुढे झुकला तरी समोरचे जग जिथल्या तिथे राहते. त्यात फोन जुना असेल तर चित्र मानेच्या मागून फरपटत येते. जबानीतला फरक इथे आणखी वाढतो. शिवाय मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, लहान मुलाचे त्याहून बरेच कमी. चांगल्या यंत्रात भिंगे जवळ-दूर सरकवता येतात. स्वस्त खोक्यात ती सोय अनेकदा नसते आणि मूल मोठ्यांच्या मापाच्या भिंगांतून तिरपे पाहत राहते.

डोळ्यांवरचा ताण वेगळ्या कारणाने येतो. नाकासमोर बोट धरून जवळ आणले की दोन गोष्टी एकदम होतात: डोळे आत वळतात आणि डोळ्यांतली भिंगे जवळचे पाहण्यासाठी फुगतात. लहानपणापासून ही जोडी बरोबर चालते. गॉगलमध्ये मात्र पडदा एकाच अंतरावर असतो आणि त्यावरचा वाघ कधी लांब, कधी अंगावर आलेला दिसतो. डोळे वळतात, भिंगे आहेत तिथेच राहतात. डोके आणि कपाळ दुखणे, डोळे चुरचुरणे यांमागे ही फारकत आहे. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, हे आणखी वेगळे.

याने डोळे कायमचे बिघडतात का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. मोठ्यांच्या बाबतीत तसा पुरावा नाही, आणि नसलेली भीती घालण्यात अर्थ नाही. लहान मुलांबद्दल अभ्यास फार थोडे आहेत. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या २० मुलांना २० मिनिटे खेळू दिले. नजर कुणाचीही खालावली नाही. पण दोघांची खोली ओळखण्याची क्षमता आणि एकाचा शरीराचा तोल खेळ संपल्या संपल्या बिघडलेला आढळला. वीस मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, पण सोनी कंपनीने आपल्या यंत्राला १२ वर्षांची अट का घातली असावी याचा अंदाज येतो. मेटाने (फेसबुकचे आताचे नाव) २०२३ मध्ये आपली अट १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीच्या शर्तीवर. ही सवलत दुकानदारीच्या गणितातून आली असावी असे म्हणायला जागा आहे.

तमाशा पाहून डोळे दमण्याचा इतिहास मराठी माणसाकडे जुना आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाच्या वेडाने रोज चार-चार, पाच-पाच तास पडद्यासमोर बसत, पुरेशी झोप घेत नसत, आणि त्यात त्यांची दृष्टी गेली होती, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि फाळके पुन्हा पाहू लागले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा.

कंपन्यांच्या या अटी आणि खोक्यावरच्या सूचना एका घरातल्या, एकाच माणसाच्या यंत्रासाठी लिहिलेल्या असतात. मुंबईत २०१२ पासून स्मॅशसारखी खेळकेंद्रे उभी राहिली. तिथे प्रशिक्षित माणसे ठेवता येतात. मंगरूळपीरसारख्या गावात मूल हा गॉगल पहिल्यांदा लावेल ते बहुधा मित्राच्या घरी, मोबाइलच्या दुकानात, नाहीतर यात्रेत. बिरबलनाथ महाराजांची यात्रा असो की दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचा उरूस, गर्दी मोठी असते आणि खेळवाले गर्दीच्या मागे असतात. गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणा आणि मौत का कुवा यांच्या शेजारी आता हलणारी खुर्ची आणि गॉगलही येऊ लागला आहे. इथे खोके नसते, त्यावरची सूचना नसते, वय कुणी विचारत नाही. आणि एकच गॉगल दिवसभर शेकडो चेहऱ्यांवरून फिरू शकतो.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची साथ होती. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात तर रुग्णांची रीघ लागली होती. या आजाराला बऱ्याचदा कारण ठरणारे ॲडिनोव्हायरस कोरड्या प्लास्टिकवरही दिवसेंदिवस टिकू शकतात. गॉगलची कड डोळ्यांभोवती घट्ट बसते, आतला स्पंज घाम आणि पाणी शोषून घेतो. विषाणू पसरायला याहून सोयीची वस्तू सुचवणे अवघड. सॅनिटायझरचा फवारा मारला की काम झाले, हा करोनाकाळाने लावलेला समज इथे अपुरा पडतो, कारण या जातीच्या विषाणूंवर नुसते अल्कोहोल कमी प्रभावी असते. स्पंजाऐवजी धुता येणारे सिलिकॉनचे आवरण, साबणपाण्याने पुसणे आणि दर माणसामागे नवी कागदी पट्टी हा त्यातल्या त्यात खरा उपाय आहे. कागदी पट्टी महाग नसते. ती न ठेवणाऱ्या खेळवाल्याकडे मुलाला नेऊ नये.

फिट येणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर. भराभर उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने काही जणांना झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाचा लखलखाट दाखवला गेला आणि त्या संध्याकाळी जवळपास सातशे जणांना, त्यात बहुतेक मुले, दवाखान्यात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना आधी कधी फिट आलेली नव्हती. तो पडदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. गॉगलमध्ये तो डोळ्यांपासून काही सेंटीमीटरवर असतो आणि मान वळवून सुटका होत नाही. ज्याला मिरगीचा आजार आहे, त्याने हा खेळ टाळावा. झटका आलाच तर गॉगल काढावा, कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करावा. वयस्कर माणसांनी उभ्याने गॉगल लावू नये. आजोबांची गंमत बघायला नातवंडे जमतात, आजोबा समोरच्या कड्याला घाबरून मागे पाऊल टाकतात, आणि साठीनंतर मोडलेले खुब्याचे हाड म्हणजे काय असते ते ज्या घराने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आकाशपाळणा उभा करायचा तर परवानगी लागते. खुर्ची-गॉगलाच्या वेळी नगर परिषदेने जागेचा परवाना देतानाच वयाची विचारणा, बसूनच खेळ, पाच मिनिटांची मर्यादा आणि दर माणसामागे सफाई एवढ्या अटी छापून द्यायला वेगळा कायदा लागणार नाही.

याच गॉगलची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. गेल्या शतकाच्या अखेरीस सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या दरीचा एक आभासी खेळ तयार केला. जखम धुताना, पट्टी बदलताना रुग्ण त्या दरीतून बर्फाचे गोळे फेकत जातो. त्यांच्या अभ्यासांत वेदना लक्षणीय कमी झाल्याची नोंद आहे, कारण वेदनेला जाणवायला लक्ष लागते आणि ते लक्ष दुसरीकडे गुंतलेले असते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर उपचाराला मान्यता दिली. वाशीमचे नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर सुरू झाले. त्याचे उद्घाटनही पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनेच केले होते. तिथे पुढे कधी जळीत रुग्णांसाठी असा गॉगल आला तर स्वागतच होईल. मात्र सरकारी वॉर्डात क्रम चुकता कामा नये. पट्टी बदलण्याआधी वेदनाशामक औषधाची पुरेशी मात्रा वेळेवर मिळणे, ती द्यायला परिचारिका हजर असणे, हे आधी. उद्घाटनाच्या फोटोत यंत्र दिसते, मॉर्फिन दिसत नाही, त्यामुळे खरेदीचा कल कुठे जातो हे कळायला फार अनुभव लागत नाही.

त्याच २०२१ साली तिकडे आणखी एका गोष्टीला मान्यता मिळाली: ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्यासाठी व्हीआर उपचार. इतक्या लहान मुलांना गॉगल एरवी मना, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज तासभर तो औषध म्हणून चालतो. यात मुलाच्या आवडीचे कार्टून दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या रीतीने दाखवतात, जेणेकरून दुबळ्या डोळ्याला कामाला लागणे भाग पडते. आळशी डोळा म्हणजे डोळा वरून निरोगी दिसतो, पण लहानपणी तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा मोठा नंबर राहून गेल्याने मेंदूने त्या डोळ्याचे ऐकणेच सोडलेले असते. मूल तक्रार करत नाही. दुसऱ्या डोळ्यावर त्याचे सगळे भागते. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा साधा, स्वस्त उपचार उत्तम लागू पडतो, पुढे त्याचा उपयोग घटत जातो.

दहा-बारा वर्षांचे एखादे पोर गॉगल लावून म्हणते, "यात काय विशेष, टीव्हीसारखंच तर दिसतं." सोबतची मुले ओरडत असतात आणि याला खोली दिसतच नाही. त्याला हसण्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवे, कारण त्याचे दोन डोळे एकत्र काम करत नसण्याची शक्यता आहे. अर्थात तोवर उशीर झालेला असतो. गॉगलची वाट न पाहता चार-पाच वर्षांच्या मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर उभे करावे, आधी एक डोळा तळहाताने झाकावा, मग दुसरा, आणि चित्रे किंवा आकडे ओळखायला सांगावेत. एका डोळ्याच्या वेळी मूल चिडचिड करू लागले, हात दूर ढकलू लागले, तर तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्यात नजरेची तपासणी असते आणि पुढचा उपचार मोफत होतो. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. तो दिवस चुकला तर ग्रामीण रुग्णालयात विचारावे, तिथून वाशीमच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.