पाटीवरील नाव

उपाहारगृह चालविणे हा हलका धंदा होय, अशी समजूत आपल्या सुशिक्षित समाजात अद्यापि आढळते. परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा कचेरीत खुर्चीवर बसला म्हणजे घराण्याचे नाव झाले. तोच आईबापांच्या खानावळीत ताटे मांडू लागला तर शिक्षण वाया गेले, असे लोक म्हणतात. आमच्या मते ही समजूत चुकीची तर आहेच, पण तिच्या पोटी आणखी एक अन्याय दडलेला आहे.

जपानातील सुशी हा पदार्थ आज थोरामोठ्यांच्या मेजवानीत मिरवतो. शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर मासळीचा काप ठेवून तो करितात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एदो म्हणजे आजच्या टोकियो शहरी, ते रस्त्याकडेच्या टपरीवर मिळणारे, घाईतल्या माणसाचे खाणे होते. त्याची लहान दुकाने पुष्कळदा पतिपत्नी मिळून चालवितात. पती फळीमागे उभा राहून सुशी वळतो. पत्नी गिऱ्हाइकांची विचारपूस, चहा व हिशेब सांभाळते. हात दोघांचे, दुकान एक.

त्याच टोकियोतील सोमा दांपत्याची हकीकत भारतीयांनी विसरू नये. आईझो सोमा व मिशनच्या कन्याशाळांत शिकलेल्या त्यांच्या पत्नी कोक्को यांनी १९०१ साली ‘नाकामुराया’ हे पावाचे दुकान विकत घेतले. दोघांवरही ख्रिस्ती संस्कार झालेले, दोघांनाही या धंद्याची पूर्वपरंपरा नव्हती. १९१५ साली इंग्रज सरकारच्या आग्रहावरून क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम सुटला, तेव्हा याच पाववाल्या जोडप्याने त्यांना आश्रय दिला. पुढे १९१८ साली त्यांची कन्या तोशिको हिचा बोस यांच्याशी विवाह झाला, आणि १९२७ साली दुकानास जोडून निघालेल्या उपाहारगृहात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. ती तेथे आजही मिळते. पाव विकणारी माणसे मनाने केवढी थोर असू शकतात, याचा याहून चांगला दाखला कोणता?

नव्या करारातही असे एक जोडपे आहे. अक्विला व प्रिस्किल्ला हे राहुट्या करणारे. करिंथ येथे पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करीत असे. विशेष हे की, अनेक ठिकाणी पत्नीचे नाव पतीच्या आधी आले आहे.

आता आपल्या जठारपेठेकडे वळू. पहाटे कणीक मळणारी, झुणका-भाकरीचे ताट वाढणारी, पोह्यांची कढई उतरविणारी जोडपी आपल्या अकोल्यातही आहेत. मात्र पाटीवर नाव बहुधा पतीचे, पैशांच्या पेटीपाशी बैठक पतीची. चुलीपाशी घाम गाळणारी माउली ‘मदत करिते’ एवढीच तिची नोंद! हाच तो अन्याय. मुंबईत गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचेही असेच होते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, त्या बायका एकत्र आल्या, तेव्हा कुठे बँकेचे दार त्यांना उघडले. श्रम तेच होते; नोंद नवी होती.

‘आम्ही कष्ट उपसतो ते मुलांनी उपसू नयेत म्हणून,’ असे पालक म्हणतील. त्यांच्या मायेपुढे आम्ही नम्र आहोत, आणि मुलांनी अभ्यास टाकून भांडी घासावीत असेही आमचे म्हणणे नाही. परंतु कष्ट टळावेत आणि कष्टांची लाज वाटावी, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली इच्छा प्रेमाची, दुसरी कृतघ्नपणाची.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, शाळेत शिकलेले गणित घरच्या वहीत उतरवा. आईच्या श्रमाचे तास एकदा मांडून पाहा व वडिलांना दाखवा. आणि पालकहो, दुकानाची पाटी पुन्हा रंगवाल तेव्हा तीवर दोन नावे लिहा. रंग थोडा अधिक लागेल. पण दुकानाची खरी हकीकत तरी पाटीवर येईल.